नाथसागराचा मासा कार्डावर नाही

औरंगाबाद लेण्यांमधल्या सातव्या लेण्याच्या ओसरीत, दाराशेजारच्या भिंतीवर अवलोकितेश्वर उभा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार संकटं कोरलेली आहेत. आग, दरोडेखोर, बेड्या, सिंह, साप, हत्ती यांच्या तावडीत सापडलेली माणसं हात जोडून त्याचा धावा करतायत, आणि त्यांच्यातच एक बुडतं जहाज आहे. खाली बीबी-का-मकबऱ्याचा घुमट, पलीकडे विद्यापीठाचा परिसर, भोवती वाळलेलं गवत आणि काळा कातळ. समुद्र इथून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. तरी सहाव्या-सातव्या शतकातल्या त्या कारागिराला जहाज बुडण्याची भीती दगडात आणावीशी वाटली, कारण ती इथल्या माणसांना ठाऊक होती. पश्चिम भारतातल्या लेण्यांना व्यापाऱ्यांचा आधार होता आणि व्यापाऱ्यांचा माल बंदरांतून फिरत होता. त्याच्याही आधी, पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण येतं. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. दुसरी वाट जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याला जायची. मराठवाड्याला समुद्र परका, असं आम्ही कोकणातली माणसं सहज म्हणून जातो. त्या जहाजासमोर उभं राहिल्यावर तसं म्हणवत नाही.

माझं गाव रेवदंड्याकडचं. त्यामुळे त्या संध्याकाळी मित्राने “आज तुला मासे खायला नेतो” म्हटल्यावर मी आधी नकोच म्हणालो. या शहरात पाहुण्याने नान-खलिया खावा, हे मला पटतं. 1327 मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर हे जेवण आलं असं इथले लोक सांगतात. ते किती खरं हा वेगळा विषय, पण हळदीच्या पाण्याने रंगवलेला तंदूरचा नान आणि त्या पातळ, लालसर खलियाची चव दुसरीकडे सापडत नाही. मित्र मात्र ऐकेना. “नान-खलिया दुपारी झालाय ना? आता आमचं मालवणी बघ.”

हॉटेलचं नाव देत नाही. जालना रोड, उस्मानपुरा, कॅनॉट, बीड बायपास अशा भागांत मालवणी, कोळी, कारवारी पाट्यांची हॉटेलं आता बरीच झाली आहेत, आणि मला जे म्हणायचंय ते त्या सगळ्यांबद्दल आहे. शुक्रवार होता. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे माशांचे वार इथेही पाळले जातात, त्यामुळे बाहेर खुर्च्या टाकून लोक वाट बघत होते. वाळूजच्या कारखान्यांतले इंजिनिअर, एक-दोन डॉक्टर कुटुंबं, विद्यापीठातली मुलं, आणि एक आजी, नऊवारीतल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या. नातवाने त्यांना पहिल्यांदाच हॉटेलात खेकडा खायला आणलं होतं. त्यांनी तो नीट फोडला, नांगीतलं मांस काढून आधी नातवाच्या ताटात ठेवलं आणि मग स्वतः खाल्लं. नदीकाठच्या गावात वाढलेल्या बाईला खेकडा शिकवावा लागत नाही.

दाराशीच काचेच्या पेटीत बर्फाच्या चुऱ्यावर मासे मांडले होते. सुरमई, पापलेट, हलवा, बांगडा, टायगर कोळंबी, थोडे बोंबील. मी कल्ले उघडून पाहिले, डोळे पाहिले, बोटाने दाबून पाहिलं. सुरमई चांगली होती. हलवाही चांगला. बांगडा ठीक. बोंबील मात्र घेऊ नका, असं मी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसालाही सांगितलं. बोंबलाच्या अंगात सगळं पाणीच असतं. तो होडीतून उतरल्यावर त्याच दिवशी, वरवंट्याखाली दाबून पाणी काढून तळायचा. बर्फात एक रात्र गेली की त्याचा लगदा होतो, आणि मग जाड पीठ लावून ते झाकावं लागतं. बांगड्यात तेल जास्त, तोही लवकर उतरतो. सुरमईसारखा घट्ट मांसाचा मासा मात्र नीट बर्फात ठेवला तर दिवसभराचा प्रवास सहज सोसतो. समुद्रापासून लांबच्या शहरात मासे खाताना एवढं एक ध्यानात ठेवलं की जेवण फसत नाही.

मालक देवगडकडचे निघाले. वाळूजला नोकरीसाठी आले, पुढे नोकरी सोडून हॉटेल टाकलं. त्यांनी मासा कसा येतो ते सांगितलं. पूर्वी मुंबईहून रेल्वेच्या पार्सलने किंवा खासगी बसच्या डिकीतून थर्माकोलचे डबे यायचे. मनमाडला किंवा घाटात खोळंबा झाला की अर्धा माल टाकून द्यावा लागायचा. आता भाऊच्या धक्क्यावरून मध्यरात्रीनंतर निघालेली गाडी उजाडताना शहरात असते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 2022 च्या डिसेंबरात सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा 2025 च्या जूनमध्ये. एकूण 701 किलोमीटर. इगतपुरीजवळ साडेसात किलोमीटरहून लांब बोगदा आहे. जो सह्याद्री ओलांडायला नाणेघाटात जनावरांच्या पाठीवर माल लादून चढावं लागे, त्याच्या पोटातून आता सुरमई काही मिनिटांत पलीकडे येते. मालकांना त्या रस्त्याचं मनापासून कौतुक होतं. “साहेब, पूर्वी मी गिऱ्हाइकाला कालचा मासा द्यायचो. आता रात्रीचा देतो,” ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

सुरमईचा तुकडा आला. वरून रवा, आत मांस पांढरं आणि ओलसर, मीठ बरोबर. सोलकढी खऱ्या नारळाच्या दुधाची होती, पावडरीची नव्हे. रश्श्याने मात्र मला थांबवलं. त्यात तिरफळ नव्हतं, ओला नारळही बेताचा होता. त्याऐवजी भाजलेलं सुकं खोबरं, लसूण आणि काळ्या मसाल्याचा वास होता. आचारी फुलंब्रीकडचा. त्याला मालकांनी मालवणी वाटप शिकवलं होतं, पण हात त्याचा स्वतःचा राहिला. हे जेवण मला मालवणात कधी मिळालं नसतं, आणि ते फार चांगलं होतं. भाताऐवजी ज्वारीची भाकरी मागवली तेव्हा तर रस्सा आणि भाकरी एकमेकांसाठीच केल्यासारखी जुळली. मराठवाड्याच्या मसाल्यात शिजलेल्या माशाला मालवणी म्हणायचं कशाला? त्याला त्याचं नाव द्यावं.

तेवढ्यात टेबलावर स्टीलचा जग आला आणि मला जाणवलं की या टेबलावर फक्त पाणी जवळचं आहे. शहराचं पिण्याचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, नाथसागरातून येतं. त्याच पाण्यात मासेही आहेत, आणि धरण इथून पन्नास किलोमीटरवर आहे. कार्ड पुन्हा वाचलं. रोहू नाही, कटला नाही, मरळ नाही. ‘बोनलेस फिश’ म्हणून एक ओळ होती, तो बहुतेक ठिकाणी बासा असतो, म्हणजे तळ्यात पाळलेला पंगस. वाढणाऱ्या मुलाला विचारलं, “दादा, धरणाचा मासा नाही का?”

“हाय ना. पण तो कार्डावर न्हाई. आमच्या जेवणाला आणतो आम्ही.”

मागून त्याने एका ताटलीत कटल्याचे दोन तुकडे आणि वाटीभर रस्सा आणून ठेवला. चिंचेचा आंबटपणा, वर लाल तर्री. कार्डावरच्या रश्श्यापेक्षा तो मला अधिक आवडला, आणि मालकांसमोर तसं बोललोही. ते रागावले नाहीत. म्हणाले, “गिऱ्हाईक म्हणतं, धरणाचा मासा घरी खातो आम्ही. हॉटेलात येऊन त्याला एवढे पैसे कशाला द्यायचे? आणि काटे. लहान मुलं घेऊन येतात, काट्यांना घाबरतात.” दोन्ही मुद्दे खरे आहेत. माझं समाधान मात्र झालं नाही.

रात्री मित्राच्या घरी त्याच्या आईंशी बोलत बसलो. त्यांचं माहेर गंगापूर तालुक्यातलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी समुद्राचा मासा म्हणजे सुकट आणि सुके बोंबील. आठवडी बाजारात एका कोपऱ्यात पोती उघडून माणूस बसलेला असायचा आणि वासाने जागा सापडायची. पावसाळ्यात भाजी नसली की सुकट तव्यावर कोरडी भाजायची, नीट पाखडायची, आणि कांदा, लसूण, तिखट घालून परतायची. वांग्यात घातली तर आणखी बरी. बोंबील निखाऱ्यावर भाजून ठेच्याबरोबर. “ओला मासा मात्र गंगेचाच,” त्या म्हणाल्या. गोदावरीला इथे गंगाच म्हणतात. म्हणजे या भागातल्या घरांत समुद्राचा मासा वाळून यायचा आणि नदीचा ताजा. मग आजच्या हॉटेलांत ताजा म्हणून फक्त समुद्राचाच का मांडतात?

दुसऱ्या दिवशी आम्ही पैठणला गेलो.

जायकवाडीची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी धरणाचं उद्‍घाटन केलं. मूळ बेत बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचा होता. जागा बदलून पैठणला आली, नाव तेच राहिलं. दहा किलोमीटरच्या आसपास लांब मातीचा बांध, सत्तावीस दरवाजे, पोटात सुमारे एकशे दोन टीएमसी पाणी. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं ते पाणी बांधावरून पाहताना पलीकडचा काठ दिसत नाही. मी समुद्राकाठचा माणूस, आणि मलाही ते पाणी पाहून खोल श्वास घ्यावासा वाटला. या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं काठावर नव्याने वसली. पिकाची जमीन गेली, त्यांतल्या काहींनी जाळं हाती घेतलं. भोई आणि कहार तर पिढ्यान् पिढ्या नदीवरचेच.

माघ महिना होता. पाणी उथळ झालं होतं तिथे पट्टकादंब हंस उतरले होते, लांब गुलाबी पट्टी दिसत होती ती रोहित पक्ष्यांची. 1986 पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. पक्षी, मासेमारी, शेतीचं पाणी, कारखान्यांचं पाणी आणि शहराचं पाणी, सगळ्यांचे दावे याच एका पाण्यावर आहेत. त्यात जलाशयावर तरंगते सौर पॅनल टाकण्याची योजना आली. पैठणच्या कहार समाजाच्या समितीने तिला विरोध करत हरित लवादापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. दोन्ही ठिकाणी त्यांची बाजू टिकली नाही. वीज हवीच. पण पाण्यावर कुणाचं पोट आहे याचा विचार शहरात बसलेल्या आपल्याला चटकन सुचत नाही, कारण ज्याचं पोट आहे त्याचा मासा आपल्या ताटात दिसत नाही. मला वाटतं, कार्डावर नाथसागराचं नाव असतं तर त्या बातमीकडे शहराने वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

काठावर सकाळचा माल उतरत होता. होड्या, थर्माकोलचे तराफे, गुंडाळलेली जाळी. रोहू, कटला, मृगळ हे मोठे मासे एकीकडे; चिलापी ढिगाने; एका पाटीत वाम आणि काळसर शिंगाडे; आणि पाण्याच्या टबात जिवंत मरळ. जाळं सोडवणाऱ्या काकांनी मला त्यांतला फरक सांगितला. रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे उत्तरेच्या गंगेचे. त्यांचं बीज तयार करून धरणात सोडतात. साठलेल्या पाण्यात हे मासे सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं. 1957 च्या जुलैत ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं, आणि देशभरच्या तळ्यांना, धरणांना बीज मिळायची वाट मोकळी झाली. 10 जुलै हा मत्स्य शेतकरी दिवस त्यावरूनच आला. आज नाथसागरात जाळ्यात येणारा रोहू त्या शोधाचा वंशज आहे. मरळ, वाम आणि शिंगाडा हे मात्र या नदीचे जुने रहिवासी, धरणाच्या आधीपासूनचे.

मरळीबद्दल काका जास्त बोलले. ती हवेतून श्वास घेऊ शकते, त्यामुळे ओल्या पोत्यात तासन् तास जिवंत राहते. मधला काटा मुख्य, बारीक काटे अगदी कमी. दुखण्यातून उठलेल्याला, बाळंतिणीला मरळीचा रस्सा देतात. भाव तिचाच सगळ्यात चढा, आणि चांगली मरळ हैदराबादकडे जाते. तिकडे तिला कोरामीनु म्हणतात. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यातल्या तेलंगणाने पुढे मरळीला राज्यमासा केलं. महाराष्ट्राने 2023 मध्ये तो मान पापलेटला दिला. पापलेट माझ्या घरचा मासा आहे, त्याचा मला आनंदच आहे. पण नाथसागराच्या काठी उभं राहून पाहिलं तर लक्षात येतं की आपल्या राज्यात मासा म्हटलं की नजर थेट किनाऱ्याकडेच जाते.

पैठण रस्त्यावरच्या एका साध्या ढाब्यावर जेवलो. पुढच्या भट्टीवर एक मावशी रोहू तळत होत्या. त्यांनी तुकड्यांवर सुरीने अगदी जवळजवळ, काट्यापर्यंत काप दिले होते. असे काप दिले आणि तेल चांगलं तापलेलं असलं की बारीक काटे तळणीत कुरकुरीत होऊन जातात, घशाला लागत नाहीत. हॉटेलमालकांनी सांगितलेल्या काट्यांच्या भीतीवर हा सरळ उपाय होता. गोड्या पाण्यातल्या माशाला मातीचा वास येतो म्हणून पुष्कळ लोक नाक मुरडतात. तो वास पाण्यातल्या शेवाळातून आणि सूक्ष्म जिवांतून येतो आणि आंबटात विरतो. मावशींनी तुकडे मीठ-हळदीने चोळून, चिंचेच्या कोळात ठेवूनच पुढे घेतले होते. आम्ही कोकणात आमसूल वापरतो, इथे चिंच. मग लाल तिखट, लसूण, थोडं बेसन. रश्श्यात भाजलेलं खोबरं, तीळ, शेंगदाण्याचा कूट. मरळीचा रस्सा वाटीतूनच प्यायलो. भाकरी, कांदा, लिंबू. सुरमईची आठवण झाली नाही, हे मी माझ्या गावातल्या लोकांनाही सांगितलं आहे.

परतताना पुन्हा त्या हॉटेलात थांबलो आणि मालकांना ते काप, तो चिंचेचा कोळ, सगळं सांगितलं. आचारी मागे उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, “मला येतं की हे. आमच्या आईच्या हाताखाली शिकलोय.” मालक थोडा वेळ हिशेब करत राहिले. जून आणि जुलै हे दोन महिने पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा त्यांना गोठवलेला किंवा पूर्व किनाऱ्याचा माल आणावा लागतो, आणि गिऱ्हाईक तुटतं. धरणातही पावसाळ्यात मासा कमी, त्याचे प्रजननाचे दिवस असतात, तिथेही हात आवरता घ्यायला हवा. पण दिवाळीनंतर होळीपर्यंत नाथसागर भरात असतो. तेवढे महिने रविवारी मरळ आणि कटल्याचं डोकं फळ्यावर लिहून ठेवायचं, कार्ड छापायची घाई नको, असं त्यांनी ठरवलं. डोकं कशाला, मित्राने विचारलं. कटल्याचं डोकंच मोठं, आणि चव सगळी त्यात, आचाऱ्याने सांगितलं.

तुम्ही या शहरात याल तर मालवणी हॉटेलात जरूर जा, आणि पेटीतली सुरमई किंवा हलवा निवडा. बोंबील सोडा. मग वाढणाऱ्याला धरणाच्या माशाबद्दल विचारा, कारण विचारल्याशिवाय तो तुमच्यापुढे येत नाही. पुण्याहून येत असाल तर प्रवरासंगमचा गोदावरीवरचा पूल लागतो, कायगाव-टोक्याला, तिथे नाथसागराचं पाणी अगदी रस्त्याला येऊन भिडतं. मासा तिथेही चौकशी केली तर मिळतो. रोहू घेतला तर काप जवळजवळ द्यायला सांगा आणि तळून खा. मरळ मिळाली तर तळायला लावू नका, रस्साच करून मागा, आणि बरोबर भात न घेता ज्वारीची भाकरी घ्या.